भरलेले मूत्राशय आणि चढलेला पारा

आत्याच्या दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा गुंडाळून झाला होता. हवा भरण्यापूर्वी परिचारिकेने अगदी सहज विचारले, "आजी, लघवीला जाऊन आलात ना?" आत्या एकदम अवघडली. बाजूच्या बाकावर अनोळखी माणसे बसली होती, त्यांत पुरुषही होते. "ते नंतर बघू गं, तू आधी बीपी बघ," असे ती खालच्या आवाजात म्हणाली आणि चष्मा काढून उगाचच पुसत राहिली. परिचारिकेने मोजले. वरचा आकडा १६४ आला. तो कागदावर न लिहिता तिने पट्टा सोडला, स्वच्छतागृहाचे दार दाखवले, आत्या परत आल्यावर तिला पाठ टेकून शांत बसायला सांगितले आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजले. या वेळी आकडा १५० होता. तोच तिने लिहून घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तिच्या दृष्टीने ही रोजची गोष्ट होती. मला मात्र त्या १४ मिलिमीटर पाऱ्याने पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. शांत बसण्याचा वाटा त्यात असणारच. पण परिचारिकेने मुद्दाम विचारले होते ते मूत्राशयाबद्दल. हृदयापासून इतक्या दूर, ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या त्या अवयवाचे धमन्यांशी नाते काय, हा प्रश्न मनात रुतून बसला.

तो रुतण्याला आणखी एक कारण होते. आत्याकडे मुक्कामाला गेले की रात्री तिच्या खोलीतले आवाज मला ऐकू येतात. दिव्याच्या बटणाचा खटका, पलंगाची कुरकुर, भिंतीला हात टेकत जाणारी पावले, नळाचे पाणी, आणि परत येताना दाराशी थांबून घेतलेला लांब श्वास. लहानपणी हे आवाज धीर देणारे वाटत; कुणी तरी मोठे माणूस जागे आहे, एवढाच त्यांचा अर्थ होता. आता तेच आवाज ऐकताना मी डोळे मिटून पडून राहते आणि ती अंधारात कुठे अडखळत तर नाही ना, म्हणून कान देते. कधी झोपमोड झाल्याचा राग येतो आणि त्या रागाची लगेच लाजही वाटते. डॉक्टरांसमोर आत्या रक्तदाबाच्या नोंदींची वही मोठ्या अभिमानाने उघडते; तारखा, सकाळ-संध्याकाळचे रकाने, सगळे ठळक अक्षरात लिहिलेले असते. रात्री किती वेळा उठावे लागते, हे मात्र तिने त्यांना कधीच सांगितलेले नाही. वय झाले की असे व्हायचेच, असे ती म्हणते. शिवाय, ते काय चारचौघांत सांगण्यासारखे आहे का, असेही विचारते.

एक तक्रार वहीत आहे आणि दुसरी अंधारात. त्या दोघींचे मज्जातंतू मात्र एकाच ठिकाणी जाऊन भेटतात.

मूत्राशय भरत असताना बराच काळ आपल्याला काहीच जाणवत नाही. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते आणि १५० ते २०० मिलिलिटरच्या आसपास पहिली अस्पष्ट जाणीव होते. तोवर मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू हळूहळू सैल पडत असतो, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही, आणि त्याच वेळी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळून धरलेला असतो. ही दोन्ही कामे अनुकंपी मज्जासंस्था करते, म्हणजे धावपळीच्या आणि भीतीच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणारी मज्जातंतूंची यंत्रणा. पाठीच्या खालच्या भागातून निघालेले तिचे तंतू नॉरॲड्रिनलिन सोडतात. भिंतीवरच्या बीटा-३ ग्राहींमुळे (ग्राही म्हणजे रसायनाचा संदेश झेलणारी पेशीवरची जागा) तिथला स्नायू त्या रसायनाने सैलावतो, तर तोंडाशी असलेल्या अल्फा-१ ग्राहींमुळे तिथला स्नायू त्याच रसायनाने आवळला जातो. रिकामे होण्याची वेळ आली की सूत्रे त्रिकास्थीच्या पातळीवरून निघणाऱ्या परानुकंपी तंतूंकडे (अनुकंपीच्या उलट काम करणाऱ्या) जातात, ते ॲसिटिलकोलीन सोडतात आणि स्नायू आकुंचन पावतो. म्हणजे दिवसाच्या चोवीस तासांतले काही मिनिटे सोडली, तर मूत्राशयावर राज्य अनुकंपी मज्जासंस्थेचेच असते. आणि लहान धमन्यांच्या भिंती आवळून रक्तदाब टिकवून धरणारी तीच आहे, तेच नॉरॲड्रिनलिन वापरून आणि तशाच अल्फा-१ ग्राहींवर काम करून. लघवी धरून ठेवणे आणि रक्तदाब धरून ठेवणे ही कामे निसर्गाने एकाच यंत्रणेकडे सोपवली आहेत, हे मला प्रथम कळले तेव्हा त्या व्यवस्थेचे कौतुक वाटले आणि तिची थोडी भीतीही वाटली.

हे नाते माणसाच्या शरीरात प्रत्यक्ष ऐकता येते. स्वीडनमधल्या उप्साला येथे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अशी एक पद्धत विकसित झाली, की जिच्यात अतिशय बारीक सुई पायातल्या मज्जातंतूत घालून, जागृत माणसाच्या अनुकंपी तंतूंमधून जाणारे विद्युत संकेत नोंदवता येतात. फागियस आणि कार्हुवारा या संशोधकांनी १९८९ साली याच पद्धतीने निरोगी माणसांची तपासणी प्रसिद्ध केली. मूत्राशय ताणले गेले, तसे पायाच्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्यांकडे जाणारे अनुकंपी संकेत वाढले आणि रक्तदाबही वाढला. लघवी लागलेली असताना आपण पाय हलवतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, बोलणे तुटक होते, कपाळावर बारीक घाम येतो; हे सगळे आपल्याला दिसते. त्याच वेळी पोटरीतल्या रक्तवाहिन्याही आवळल्या जात आहेत, हे कुणाला दिसत नाही. आत्याच्या त्या १४ मिलिमीटरांमागे हा न दिसणारा आवळही असणार.

निरोगी माणसात हा आवळ मर्यादेत राहतो, कारण मेंदू त्यावर लक्ष ठेवून असतो. मानेतल्या धमनीच्या फुगीर भागात आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब जोखणारे तंतू आहेत. रक्तदाब वाढला की ते मेंदूच्या खोडाला कळवतात. मग हृदयाची गती मंदावते आणि अनुकंपी संकेतांना लगाम बसतो. हा लगाम सुटला तर काय होते, ते मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांनी जगाला दाखवून दिले, आणि त्यांनी त्याची फार मोठी किंमत दिली आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ साली मज्जारज्जूच्या जखमींसाठी विभाग सुरू करणारे लुडविग गुटमन (पुढे पॅरालिंपिक स्पर्धांचे मूळ ज्यांच्या हातून रुजले तेच) आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हिटरिज यांनी १९४७ साली याविषयीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा त्याहून वर होती, त्यांचे मूत्राशय ताणले गेले की रक्तदाब भयावह वेगाने वर जाई. मूत्राशयातून निघालेले संकेत इजेच्या खालच्या मज्जारज्जूत शिरतात, तिथल्या अनुकंपी पेशींना चेतवतात, पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मेंदूला वाढलेला दाब कळतो, तो हृदयाची गती कमी करतो; पण रक्तवाहिन्या सैल करण्याचा त्याचा आदेश इजेची जागा ओलांडून खाली उतरू शकत नाही.

त्या माणसाच्या बाजूने ही अवस्था कशी असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मूत्राशय भरल्याची जाणीव त्याला होत नाही, कारण ती वर नेणारा मार्गच तुटलेला असतो. त्याला जाणवते ते डोक्यात घण घातल्यासारखे दुखणे, लाल झालेला आणि घामाने भिजलेला चेहरा, इजेच्या खाली फिकी पडलेली, काटा आलेली त्वचा आणि मंद पडलेली नाडी. रक्तदाब वेळीच उतरला नाही, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा प्रसंगांचे सर्वांत नेहमीचे कारण मूत्राशय ताणले जाणे हेच असते आणि पुष्कळदा त्यामागे लघवीच्या नळीला पडलेला एखादा पीळ असतो. म्हणूनच या रुग्णांच्या घरच्यांना पहिली गोष्ट शिकवतात ती अशी, की माणसाला उठवून ताठ बसवायचे, अंगावरचे घट्ट कपडे सैल करायचे आणि लगेच नळी तपासायची. पीळ सुटतो, लघवी वाहू लागते आणि काही मिनिटांत रक्तदाब उतरू लागतो. रात्री झोपेतून उठून उभ्याने लघवी करणारा एखादा पुरुष मूत्राशय रिकामे होताच घेरी येऊन पडतो, ती याच नात्याची दुसरी बाजू होय: ताण संपतो, आवळ सुटतो आणि दाब एकाएकी घसरतो.

शाळेत परीक्षेच्या दिवशी वर्गात शिरण्यापूर्वी मी हमखास पुन्हा पुन्हा लघवीला जाऊन येत असे. बाहेर पडल्यावर घंटा होईपर्यंत पुन्हा तीच भावना येई. मूत्राशयात फारसे काही नसायचे. तळहात गार पडलेले असायचे आणि छातीत धडधड असायची. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी पेल्लाकानी यांच्याबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभी मूत्राशयाचा दाब नोंदवला, तेव्हा स्पर्शाने, बोलण्याने, मनात उमटलेल्या लहानशा खळबळीनेही तो बदलताना त्यांना दिसला. १९२५ साली लंडनमधील शल्यविशारद फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी मांजरांवरील प्रयोगांतून मेंदूच्या खोडातले लघवी सोडण्याचे केंद्र दाखवून दिले; ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. या केंद्राला अगदी लागून पेशींचा एक निळसर पुंजका आहे, लोकस सेरुलियस, आणि मेंदूतल्या नॉरॲड्रिनलिनचा सर्वांत मोठा उगम तिथे आहे. जागृती, सावधपणा, भीती यांच्याशी त्याचा संबंध आहे. परीक्षेच्या दारात उभ्या असलेल्या त्या मुलीच्या मेंदूत ही दोन ठिकाणे एकमेकांना खेटून जागी होती. तिच्या नाडीचे आणि तिच्या लघवीच्या भावनेचे मूळ वेगवेगळे शोधण्यात काही अर्थ नव्हता.

इथवर दिसते ते मूत्राशयाकडून रक्तदाबाकडे जाणारे नाते. मला अधिक छळणारा प्रश्न उलट दिशेचा होता. वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला असेल, तर मूत्राशयाचे मज्जातंतूही बदलतात का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जपानमधल्या क्योतोला जावे लागते. तिथे १९६३ साली ओकामोतो आणि आओकी या संशोधकांनी विस्टार जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांमधून, जरा जास्त रक्तदाबाचे नर आणि माद्या निवडून, पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच पैदास करून एक वाण तयार केला. या वाणातल्या प्रत्येक उंदराचा रक्तदाब, कोणतेही औषध किंवा शस्त्रक्रिया न करता, वयाबरोबर आपोआप वाढतो. उच्च रक्तदाबावरची असंख्य औषधे आणि कल्पना या उंदरांवर तपासल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात व्हर्जिनिया विद्यापीठातील विल्यम स्टीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांच्या मूत्राशयाकडे पाहिले, तेव्हा दिसले की हे उंदीर सामान्य रक्तदाबाच्या उंदरांपेक्षा अधिक वेळा आणि थोडी थोडी लघवी करतात, त्यांचे मूत्राशय भरताना मध्येच आकुंचन पावते आणि त्याच्या भिंतीत नॉरॲड्रिनलिनचे तंतू जास्त दाट असतात. मूत्राशयाच्या स्नायुपेशी काढून वेगळ्या वाढवल्या, तर त्या मज्जातंतूंची वाढ करणारे एक प्रथिन जास्त प्रमाणात स्रवतात. या उंदरांच्या धमन्यांच्या स्नायुपेशींमध्येही तोच कल आढळला. धमनी आणि मूत्राशय हे दोन्ही मऊ स्नायूंनी वेढलेले पोकळ अवयव आहेत, आणि दोन्ही एकाच प्रथिनाच्या जोरावर आपल्याकडे अधिक मज्जातंतू ओढून घेत होते.

ते प्रथिन म्हणजे मज्जातंतू-वृद्धी घटक. त्याच्या शोधाची सुरुवात रीता लेव्ही-मोंताल्चिनी या स्त्रीने केली. ज्यू म्हणून विद्यापीठाचे दार बंद झाल्यावर, महायुद्धाच्या काळात, तिने इटलीतल्या तोरिनो शहरात आपल्या झोपण्याच्या खोलीत लहानशी प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांचे मज्जातंतू कसे वाढतात आणि कसे मरतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. युद्धानंतर अमेरिकेत तिने हा घटक ओळखला, स्टॅन्ली कोहेन यांनी तो वेगळा केला आणि १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रथिनाच्या दिशेने मज्जातंतू उजेडाकडे वळणाऱ्या वेलीसारखे वाढत जातात. गर्भात ही वाढ आवश्यक असते. वाढलेल्या शरीरात तीच वाढ पुन्हा सुरू झाली, की तंतू हळवे होतात. स्टीअर्स यांच्याच गटाने १९९१ साली दाखवले होते, की मूत्रमार्ग अंशतः आवळलेल्या उंदरांच्या मूत्राशयात हा घटक वाढतो आणि त्या मूत्राशयाशी जोडलेल्या मज्जापेशी आकाराने मोठ्या होतात. घाईची, वारंवार लघवीची तक्रार असणाऱ्या माणसांच्या लघवीतही हा घटक वाढलेला आढळला आहे. अवयवावर पडणाऱ्या भाराची नोंद त्या अवयवाचे मज्जातंतू आपल्या रचनेतच करून ठेवतात, ही गोष्ट मला या सगळ्या वाचनात सर्वांत मोलाची वाटली. आत्याला थोडेसेच भरले तरी घाई होते. त्याला मी मनाचा खेळ म्हणू शकत नाही. संकेत पाठवणारी तारच अधिक हळवी झालेली असू शकते.

उंदरांवरून माणसाविषयी बोलताना जपूनच बोलावे लागते. क्योतोचे हे उंदीर स्वभावानेही फार चंचल असतात, त्यामुळे त्यांच्या मूत्राशयाची घाई रक्तदाबाची की त्या चंचलतेची, हा प्रश्न उरतो. व्हरमाँट विद्यापीठात एडिथ हेंडली यांनी तर चंचल पण सामान्य रक्तदाबाचे आणि उच्च रक्तदाबाचे पण शांत असे दोन वेगळे वाण मुद्दाम तयार केले. माझा कल असा आहे की रक्तदाबच सगळ्याचे मूळ असे मानण्यापेक्षा, अतिजागृत अनुकंपी मज्जासंस्था ही दोन्हींची सामाईक पार्श्वभूमी मानणे अधिक प्रामाणिक ठरेल. त्यात रक्तपुरवठ्याचा भाग वेगळा आहेच. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने ओटीपोटातल्या धमन्या जाड आणि अरुंद होतात, मूत्राशयाला मिळणारे रक्त कमी पडते, आणि रक्ताची ही टंचाई स्नायूआधी मज्जातंतूंना बाधते.

आत्याच्या रात्री मात्र एवढ्याने उलगडत नाहीत, कारण रात्रीचा प्रश्न किती लघवी तयार होते याचाही असतो. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतो आणि मूत्रपिंडे लघवी कमी तयार करतात. ज्यांचा रक्तदाब रात्री उतरतच नाही, त्यांची मूत्रपिंडे दिवसभरात बाहेर न पडलेले मीठ रात्री त्या चढ्या दाबाखाली बाहेर टाकतात आणि मिठाबरोबर पाणीही जाते. दिवसा घोट्यांशी साचलेले पाणी आडवे होताच रक्तात परत येते. झोपेत घोरता घोरता श्वास अडकणाऱ्या माणसांत तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात. प्रत्येक अडकलेल्या श्वासाबरोबर अनुकंपी संकेत उसळतात आणि रक्तदाब वाढतो. छातीतल्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि ते एक संप्रेरक सोडतात, जे मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावते. हृदयाच्या या कप्प्यांत असे काही द्रव्य असते, हे कॅनडात दे बोल्ड या संशोधकांनी १९८१ साली उंदराच्या हृदयाचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचून दाखवले. ते वाचेपर्यंत हृदय लघवीविषयी काही सांगत असेल, अशी कल्पनाही माझ्या मनात आली नव्हती. असा माणूस जागा होतो, मूत्राशय भरलेले जाणवते आणि आपण लघवीसाठीच उठलो अशी त्याची खात्री होते. जाग आणणारा खरे तर अडकलेला श्वास असतो. आत्या घोरते. हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यावर कौतुकाने बोललेही जाते. डॉक्टरांना ते माहीत नाही.

मिठाविषयीची एक नोंद मी आत्याला वाचून दाखवली. नागासाकी विद्यापीठातील तोमोहिरो मात्सुओ यांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात, मिठाचे सेवन जास्त असलेल्या आणि झोपेच्या तक्रारी असलेल्या माणसांना मीठ कमी करण्याचा सल्ला देण्यात आला. ज्यांनी ते दिवसाला सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणले, त्यांचे रात्रीचे उठणे सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आले. ज्यांचे मीठ उलट वाढले, त्यांचे उठणेही वाढले. "म्हणजे मीठ बीपीसाठी कमी करायचे ना?" असे तिने विचारले. "दोन्हींसाठी," असे मी म्हटले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग, फार हळू, रात्री आपण किती वेळा उठतो ते तिने मला सांगितले. मला ते माहीत होते. तरीही तिच्या तोंडून ऐकताना घशाशी काही तरी दाटून आले.

औषधांच्या दुनियेत तर हे नाते रोजच्या व्यवहाराचे आहे, आणि त्याविषयी जितके बोलायला हवे तितके बोलले जात नाही, असे माझे मत आहे. अल्फा-१ ग्राही रोखणाऱ्या गोळ्या रक्तदाबासाठी वापरात आल्या. त्याच गोळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांच्या मूत्राशयाचे तोंड सैल होते आणि लघवीला धार येते, हेही दिसून आले. पुढे, २००० साली, एका मोठ्या अमेरिकी चाचणीतला डॉक्साझोसिनचा (अशाच एका गोळीचा) गट थांबवावा लागला, कारण तुलनेच्या जुन्या लघवी वाढवणाऱ्या गोळीपेक्षा त्या गटात हृदय कमजोर पडण्याचे प्रमाण जास्त निघाले. तेव्हापासून या गोळ्या रक्तदाबाच्या पहिल्या फळीतून मागे सरल्या आणि प्रोस्टेटसाठी उरल्या. एखाद्या स्त्रीला मात्र तीच गोळी रक्तदाबासाठी दिली, तर मूत्राशयाचे तोंड सैल होऊन खोकताना, हसताना लघवी निसटू शकते. रक्तदाबाच्या दुसऱ्या एका गटातल्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि तो खोकलाही तेच घडवतो. रक्तदाबाच्याच ॲम्लोडिपिन या गोळीने घोटे सुजतात आणि ते पाणी रात्री परततेच. उलट बाजूने पाहावे, तर मूत्राशय सैल ठेवण्यासाठी बीटा-३ ग्राहींवर काम करणारे मिराबेग्रॉन, ज्याला जपानमध्ये २०११ साली पहिली मान्यता मिळाली, ते रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून वर आणि आटोक्याबाहेर असताना देत नाहीत, कारण ते रक्तदाब वाढवू शकते. एका तक्रारीच्या चिठ्ठीवरची गोळी दुसऱ्या तक्रारीला हात घालतेच. अशा वेळी खोकताना लघवी निसटते हे लाजेपोटी न सांगणारी बाई ती गोळी मुकाट्याने बंद करते, आणि मग तिचा रक्तदाब पुन्हा का चढला, हे कुणालाच समजत नाही. या लाजेने किती जणींचे नुकसान होत असेल, या विचाराने माझा जीव खरोखर तुटतो.

गेल्या काही वर्षांत या नात्याचे आणखी खोलचे मूळ सापडले आहे. २०१० साली कॅलिफोर्नियात आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत, पेशीला बारीक काचेच्या टोकाने दाबल्यावर विद्युत प्रवाह निर्माण करणारे प्रथिन कोणते, हे शोधण्यासाठी एकेक जनुक बंद करून पाहिले जात होते. निवडलेल्या ७२ जनुकांपैकी अगदी शेवटचे बंद केल्यावर तो प्रवाह थांबला. अशा रीतीने पिएझो-१ आणि त्याचे भावंड पिएझो-२ ही प्रथिने हाती लागली. पेशीचा पडदा ताणला गेला की ती उघडतात. त्यासाठी पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१८ साली दिसून आले की मोठ्या धमन्यांतला दाब मेंदूला कळवणाऱ्या तंतूंमध्ये ही दोन्ही प्रथिने असतात. ती दोन्ही काढून टाकलेल्या उंदरांत रक्तदाबावरचा तो लगाम उरत नाही आणि रक्तदाब अस्थिरपणे वर-खाली होत राहतो. २०२० साली दिसून आले की मूत्राशयाच्या अस्तरात आणि तिथून निघणाऱ्या संवेदी तंतूंमध्ये पिएझो-२ भरल्याची जाणीव घडवते. धमनीच्या भिंतीतला ताण आणि मूत्राशयाच्या भिंतीतला ताण मेंदूपर्यंत पोहोचवण्याचे काम एकाच घराण्यातली प्रथिने करतात. जन्मतःच पिएझो-२ नसलेली मोजकी माणसे जगात आहेत. २०२० च्या त्या अभ्यासात अशा १२ जणांच्या लघवीच्या सवयी नोंदवल्या आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपले मूत्राशय भरल्याचे नीट कळत नाही. काही जण अर्ध्याहून अधिक दिवस लघवीला न जाता काढू शकतात, आणि म्हणून ती घड्याळ पाहून, ठरलेल्या वेळी उठतात.